कामाचे कपडे प्रस्तावात कुठे लिहायचे?



गटाचा व्यवसाय प्रस्ताव लिहायला बसलो की आपण काय काय लिहितो? वजनकाटा, पिशव्या सील करायचं मशीन, क्रेट, बर्फाची पेटी, मसाल्याची गिरणी, शेड, टेम्पोचं भाडं. काही सुटू नये म्हणून यादी तीनतीनदा वाचतो. पण हे सगळं वापरणारी बाई अंगावर काय घालून उभी राहणार आहे, ते एकाही रकान्यात येत नाही. कपड्यांवर गटाचा खर्च होतो तो एकदाच: प्रदर्शनाला किंवा मेळाव्याला जाताना सगळ्यांना एकसारखी साडी. ती साडी फोटोत छान दिसते, त्यात वाद नाही. पण तीच नेसून पत्र्याच्या मंडपात दिवसभर स्टॉलवर उभ्या राहिलेल्या ताईला एकदा विचारा.

म्हणून या वेळचा पाठ कामाच्या कपड्यांवर आहे. मशीनचं, कर्जाचं, पॅकिंगचं प्रशिक्षण आपल्याला मिळतं. कपड्यांचं कुणी शिकवत नाही. बायकांचे कपडे म्हटलं की तो विषय हौसेचा ठरतो, नाहीतर लाजेचा. कामाशी त्याचा संबंध कुणी लावतच नाही.

आज्यांचा पोशाख

आपल्या किनाऱ्यावर हा संबंध पूर्वी पक्का होता. कोळणीचं लुगडं आठवा. नऊवारी, पण गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, मागे कासोटा घट्ट खोचलेला, वरच्या अंगाला वेगळं फडकं. पाण्यात उतरलं तरी काठ भिजत नाही, पायात घोळ येत नाही, पदर सावरावा लागत नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पैसे कमरेला. दोन्ही हात मोकळे. भाताच्या खाचरात आगरी बायांचा कासोटाही तसाच. पावसात डोक्यावर इरलं: बांबूच्या कामट्या आणि पानं, वाकून लावणी करताना डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकलेली. छत्री धरून कुणाला आवण लावता येईल का?

हे सगळं कामाने घडवलेलं होतं. मग पाचवारी आली, तिच्याबरोबर परकर आला, पदर आला. आता घराघरात गाऊन आहे आणि खांद्यावर टॉवेल किंवा ओढणी. लावणीला जाताना साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. या शर्टाचं आपल्याला हसू येतं, पण जरा थांबून विचार करा. पात्यांनी हात कापू नयेत, ऊन लागू नये, पदर उडू नये, वर खिसाही मिळावा, या चार गरजा एका जुन्या शर्टात आपण भागवल्या. कुणी शिकवलं नाही, दुकानात मिळालं नाही. म्हणजे कामाला काय लागतं हे आपल्याला नीट कळतं. फक्त त्यासाठी पैसे बाजूला काढायचे असतात, हे आपण मानत नाही.

घामाचं गणित

अंग गार राहतं ते घाम सुकल्यामुळे. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो सुकला पाहिजे. आपल्याकडे हवेत आधीच इतकी ओल असते की घाम लवकर सुकत नाही. म्हणून पारा विदर्भापेक्षा कमी असूनही आपला जीव जास्त घाबरा होतो. हवामान खातंसुद्धा हा फरक धरतं: उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश झाल्यावर होतो, किनारपट्टीवर मात्र 37 अंशांपासूनच.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 च्या अहवालात असा अंदाज मांडला होता की 2030 मध्ये भारतात कामाचे 5.8 टक्के तास उष्णतेमुळे वाया जातील. म्हणजे शंभर तासांतले जवळजवळ सहा. शेतात आणि उघड्यावर राबणाऱ्यांना याचा फटका सगळ्यात जास्त. वलांडीवर बोंबील टांगणारी, ओट्यावर जवळा पसरणारी बाई त्यातच आली. ऊन आपल्याला कमी करता येणार नाही, आणि सुक्या मासळीला तर ऊन हवंच. हातात राहतं ते कामाची वेळ, सावली, पाणी आणि अंगावरचं कापड.

कापड निवडताना दोन गोष्टी बघा. एक, ते घाम टिपतं का. दोन, आत हवा खेळते का. सैल, सुती आणि फिक्या रंगाचं कापड उन्हात बरं. दुकानदार सगळ्यालाच कॉटन म्हणतो, तेव्हा कापडाचा एक धागा मागा आणि घरी जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख होते. सिंथेटिक धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. हीच गोष्ट चुलीपाशी जिवावर बेतते. मसाला भाजताना, चिवडा तळताना सिंथेटिक गाऊनवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. चुलीच्या कामाला सिंथेटिक नकोच, मग ते कितीही स्वस्त असो.

पण सुती सगळीकडेच चांगलं, असंही नाही. मासळी धुताना सुती कपडा भिजतो, जड होतो, लवकर वाळत नाही, मांड्यांना घासतो. तिथे आत पातळ सुती आणि वरून रेक्झिनचा किंवा प्लास्टिकचा लांब एप्रन, हे जास्त सोयीचं. पावसाळ्यात सुती जोड दोन दिवस वाळत नाही, तेव्हा सुती आणि टेरीचं मिश्रण असलेलं कापड चालतं. आधी काम बघायचं, मग कापड.

नाडीचा वळ

आता थोडं अवघड, पण बोलायलाच हवं. संध्याकाळी परकर सोडल्यावर कमरेवर नाडीचा वळ दिसतो. तो आपण इतका गृहीत धरला आहे की तिथली कातडी काळी पडली, खाज सुटली, सोललं, तरी पावडर लावून परत तिथेच नाडी आवळतो.

1945 साली मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी यांनी धोतराच्या गाठीच्या जागी, कमरेवर होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरची नोंद केली होती. पुढे साडीमुळेही तसंच होतं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. अलीकडे 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्कर महिलांची माहिती प्रसिद्ध केली. दोघींच्या कमरेला, नेसण्याच्या जागी, बरी न होणारी जखम होती. त्यातली एक परकर न घालता लुगडं नेसणारी होती. म्हणजे वर ज्या लुगड्याचं कौतुक केलं, तेही वर्षानुवर्षं एकाच जागी आवळलं तर त्रास देतं.

घाबरून जाऊ नका. हा आजार फार क्वचित होतो, आणि वळ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण काळजी घेणं इतकं सोपं आहे की न घेण्याला कारण नाही. बारीक दोरीच्या नाडीऐवजी दोन बोटं रुंद पट्टी शिवून घ्या. परकर रोज त्याच रेषेवर न बांधता थोडा वरखाली बांधा. तिथली कातडी बिघडली असेल तर ती बरी होईपर्यंत सैल गाऊन किंवा झगा घाला. जखम तीन आठवडे भरली नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. जागा लाजेची आहे म्हणून आपण उशीर करतो. आशाताईला सोबत न्या.

खाचरातले पाय

लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, हे आपल्याला नवीन नाही. पण चिखल्यांनी फाटलेल्या कातडीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आत जातात, हे सगळ्यांना माहीत नसतं. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून हे जंतू खाचरातल्या पाण्यात येतात. कोकणात दर पावसाळ्यात हा ताप डोकं वर काढतो. अंग ठणकतं, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. साधा ताप समजून घरी काढला तर मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत जातो.

गमबूट घाला, असं सांगणारे बरेच. ते बहुधा लावणीला उतरलेले नसतात. खोल चिखलात गमबूट रुततो, पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो. शिवाय बाजारात मिळतात ते पुरुषांच्या मापाचे. आपल्या चार-पाच नंबरच्या पायाला ते ढगळ होतात. जपानमध्येही चिखलातच भात लावतात. तिथे लावणीसाठी पातळ रबराचे, पोटरीपर्यंत घट्ट बसणारे बूट निघाले आहेत. पायाला चिकटून राहतात म्हणून ते रुतत नाहीत. तिथल्या शेतकरी बाया पूर्वीपासून मोंपे नावाची विजार घालत, मांडीला सैल आणि घोट्याला बांधलेली. म्हणजे चिखलाने त्यांनाही आपल्या कासोट्याच्या जवळच आणून सोडलं.

तसे बूट आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत. मिळेपर्यंत इतकं तरी करा: पायाला जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावूनच उतरा, आणि जखम मोठी असेल तर दोन दिवस बांधावरचं काम मागून घ्या. बाहेर आल्यावर साबणाने पाय धुऊन बेचक्यांसह कोरडे करा. ताप आला तर डॉक्टरांना "खाचरात काम केलंय" हे आधी सांगा. प्रतिबंधाच्या गोळ्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. बांध घालताना, गोठ्यात, भिजलेल्या अंगणात मात्र गमबूट उत्तम, तिथे तो रुतत नाही. रोह्याजवळ किल्ला इथे आपल्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे प्रशिक्षणाला गेलात की बियाण्याबरोबर लावणीच्या बुटांचीही चौकशी करा. मागणी कानावर गेली तर वस्तू येते.

हातमोजे का आवडत नाहीत

कोलंबी सोलणाऱ्या बायांना मोजे दिले की त्या दोन दिवसांत काढून ठेवतात. मग "बायका ऐकत नाहीत" असा शेरा मिळतो. खरं कारण वेगळं आहे. मजुरी किलोवर मिळते. मोजा मोठा असला की बोटाच्या टोकाला रिकामी पिशवी राहते, कोलंबी निसटते, हात मंदावतो, दिवसाचे पैसे कमी होतात. मग बाई मोजा काढून बोटाला चिंधी बांधते. बर्फाने हात बधिर, काट्याने टोचलेले, रात्री पोळी लाटताना झोंबणारे, पण वेग टिकतो.

इथे उपाय मापाचा आहे. अंगठा सोडून तळहाताचा घेर शिवणाच्या टेपने इंचात मोजा. जो आकडा येईल तोच साधारण तुमच्या मोज्याचा नंबर: सात इंच घेर, सात नंबर. आपल्यातल्या बऱ्याच जणींचा हात साडेसहा-सातचा असतो. गटासाठी एकाच नंबरची पेटी आणण्यापेक्षा आधी दहाही जणींचे हात मोजा. आत पातळ सुती मोजा घातला तर घाम आणि गारठा दोन्ही कमी लागतात. सवय व्हायला चार-पाच दिवस जातात, तेवढे दिवस वेग कमी होईल हे धरून चाला.

पदर आणि पट्टा

मसाल्याची गिरणी, भाताची गिरणी, पापडाचं मशीन, शेवयांचं मशीन. या सगळ्यांना फिरणारे भाग आहेत. पदर, ओढणी, सैल बाही आणि मोकळी वेणी, चारही त्यात ओढली जातात. क्षणाचं काम असतं, हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. गाऊनवरची ओढणी सगळ्यात धोक्याची, कारण ती कशातही खोचलेली नसते.

1948 च्या कारखाना कायद्यात चालू मशीनची तपासणी किंवा तेलपाणी करण्याबद्दल एक कलम होतं: ते काम शिकवलेल्या पुरुष कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करायचं, आणि ते कपडे मालकाने पुरवायचे. बाईला चालू मशीन साफ करायची, तेल घालायची मनाईच. आपल्या दहा जणींची गिरणी त्या कायद्यात बसत नाही, आणि ती चालवणाऱ्या, साफ करणाऱ्या आपणच. पण त्यातली एक गोष्ट घ्यावी अशी आहे. कपडे मालकाने पुरवायचे. गटाच्या गिरणीचा मालक कोण? गट.

"सुनेने ड्रेस घातला तर लोक काय म्हणतील?"

इथेच गाडी अडते. गावोगावी हे बोलणं ऐकू येतं. सून गटाच्या शेडमध्ये कुर्ता घालून जाते म्हणून सासूबाई नाराज. यावर भांडू नका. सासूबाईंना एक दिवस शेडमध्ये बोलवा, काम दाखवा. ज्या बाईने उमेदीत लुगडं गुडघ्यावर खोचून चिखल तुडवला, तिला पायात घोळ म्हणजे काय हे दुसऱ्याने समजवावं लागत नाही. एसटीतल्या वाहकताई खाकी ड्रेसमध्ये तिकिटं फाडतात, त्यांना कुणी काही बोलत नाही, कारण तो कामाचा वेष आहे. आपलाही तसाच ठरवून टाकायचा. साडीच नेसायची असेल तर तीही चालेल. वरून पाठीमागे बांधायचा, पदर आत घेणारा लांब एप्रन घातला की काम भागतं. कुर्ता चांगला की साडी, यात गटाने पडू नये. हात मोकळे आहेत का, काही लोंबतंय का, अंग भाजतंय का, एवढंच गटाने बघावं.

हिशोब

समजा एका एप्रनला कापड आणि शिलाई धरून 250 रुपये लागतात. एक अंगावर, एक दोरीवर, म्हणून प्रत्येकीला दोन. दहा जणींचे वीस एप्रन, 5,000 रुपये. दोन वर्षं टिकले तर गटाला महिन्याला 208 रुपये, एका सखीला 21 रुपयांच्या आत. आता आपल्या बाजारातला सोड्यांचा भाव घ्या आणि हात मोकळे असल्यामुळे महिन्याला गटाचे पाव किलो सोडे जरी जास्त निघाले तर काय होतं, ते मांडून बघा. एकसारख्या साड्यांचा खर्च शेजारी लिहा.

हा खर्च सखीच्या घरखर्चातून काढायचा नाही. प्रस्तावात वजनकाट्याच्या खालच्या ओळीत लिहायचा: "कामाचे कपडे व संरक्षक साहित्य", नग, दर, रक्कम. खाण्याच्या वस्तू करणाऱ्या गटांना तर अन्न सुरक्षेच्या नियमांत स्वच्छ कपडे आणि डोक्यावर टोपी लागतेच, त्यामुळे बँकेच्या साहेबांनी विचारलं तर उत्तर तयार आहे. दशसूत्रीत आरोग्य आहे, ग्रामसंघाच्या बैठकीत हा मुद्दा त्याखाली घ्या. शिलाई बाहेर देऊ नका. आरसेटीमधून शिवणकाम शिकून आलेल्या आपल्याच सख्या प्रभागात आहेत, त्यांना वीस एप्रनची ऑर्डर म्हणजे आठवड्याचं काम.

शिवायला टाकण्याआधी एक प्रयोग करा. दोनच एप्रन शिवा. चार सखींनी एक तास नेहमीच्या कपड्यांत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी एक तास एप्रन घालून तेच काम करायचं. दोन्ही वेळा माल तोलायचा. पाचवीने बाजूला बसून, कामातून हात पदराकडे, ओढणीकडे किंवा कपाळाच्या घामाकडे किती वेळा गेला, तेवढ्या रेघा वहीत ओढायच्या. मग चौघींना विचारायचं: कुठे काचलं, कुठे उकडलं, बंद पुरले का, खिसा कुठे हवा. मोबाइल ब्लाऊजमध्ये ठेवून वाकायचं काम करणाऱ्या सगळ्या जणी खिशाबद्दल सांगतीलच. तो पोटावर मध्ये नको, वाकलं की टोचतो. उजव्या मांडीवर, वरून झाकण असलेला शिवा.

वजनाचे आकडे आणि रेघांची वही पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या. सुक्या मासळीचे गट, मसाल्याचे गट आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा विणणारे गट, तिघांचे एप्रन वेगळे निघतील. कांद्याच्या सख्या दिवसभर बसून काम करतात. त्यांच्या एप्रनला मांडीवर दुहेरी कापड लागेल.